‘नातेवाईकांनी पाजलं असेल’

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे मुख्य डॉक्टर. व्यासपीठावर बसलेले मेंदूविकार विभागाचे प्रमुख आणि व्यवस्थापक साहेब. ज्यांच्यासाठी आपण सगळे ड्युट्या बदलून इथे जमलो त्या सत्कारमूर्ती, आपल्या मोठ्या सिस्टर. त्यांच्या घरची मंडळी. वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर, ब्रदर, मावशी आणि मामा. स्ट्रेचरवरून आलेले आणि आज स्वतःच्या पायांनी जिना चढून आलेले आपले जुने पेशंट. आणि मागे दाराजवळ बसलेली माझी माणसं, म्हणजे माझे वडील, चाकाच्या खुर्चीतली माझी आत्या आणि खुर्चीमागे उभी असलेली माझी आई. सगळ्यांना माझा नमस्कार.

माइक जरा खाली घेते. माझ्याआधी बोललेले साहेब पदानंही उंच आहेत आणि तसेही.

मी भाषण लिहून आणलं आहे. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. त्यामुळे मला एक खोड लागली, कागदावर उतरवल्याशिवाय माझंच म्हणणं मला खरं वाटत नाही. तेव्हा कागदात बघून बोलले तर राग मानू नका. सूत्रसंचालकांनी बजावलं आहे की दोन शब्द बोला आणि गोड बोला. प्रयत्न करते. पण आमच्या वॉर्डात गोड असो की कडू, तपासल्याशिवाय आम्ही कुणाच्या तोंडात काही घालत नाही, हे साहेबांना ठाऊक आहे.

पाहुण्यांसाठी माझं काम थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. पक्षाघाताचा झटका आला की हात लुळा पडतो, तोंड वाकडं होतं, हे सगळ्यांना दिसतं. गळ्याच्या आत काय झालं ते दिसत नाही. गळ्यात दोन वाटा असतात. एक पोटाकडे जाते, एक छातीकडे. आपण घोट घेतला की छातीच्या वाटेवरचं झाकण आपोआप लागतं. झटक्यानंतर ते उशिरा लागतं, कधी अर्धवट लागतं. मग पाणी छातीत उतरतं आणि त्याच्यासोबत तोंडातले जंतू उतरतात. तरुण माणूस ठसकून ठसकून ते बाहेर टाकतो. म्हाताऱ्या माणसाचा ठसका आधीच दुबळा, त्यात झटक्यानं शरीराची राखण ढिली पडलेली, त्यात दिवसभर आडवं पडून राहणं. आणि कित्येकांना तर ठसका लागतच नाही. पाणी गुपचूप चुकीच्या वाटेनं जातं आणि माणूस हसून म्हणतो, ‘बरं वाटलं.’ दोन-चार दिवसांत न्यूमोनिया. झटक्यातून वाचलेली म्हातारी माणसं पुष्कळदा या दुसऱ्या दुखण्यानं जातात. तर असा माणूस काय गिळू शकतो आणि काय नाही हे तपासायचं, त्याला पुन्हा गिळायला आणि बोलायला शिकवायचं, हे माझं काम. चमचाभर पाणी द्यायचं, गळ्यावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, ‘आ म्हणा.’ आवाज ओला आला की थांबायचं. वॉर्डात मला ‘आ-म्हणा बाई’ म्हणतात, हे मला माहीत आहे. मी कधी ऐकलं नाही असं दाखवते, एवढंच.

हे काम मला कॉलेजनं शिकवलं असं माझ्या प्रमाणपत्रावर लिहिलं आहे. खरं शिकवलं मोठ्या सिस्टरांनी.

पहिल्याच आठवड्यात त्या मला म्हणाल्या, “पुस्तकातला गळा बघितलास, आता माणसाचा बघ.” माझा हात धरला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. घोट गिळला. “वर गेला आणि खाली आला तो गोटा? कळला? पुन्हा बघ. तो हलायला उशीर झाला की समजायचं, आत गडबड आहे.” मी घाबरून हात काढायला लागले, तर म्हणाल्या, “अगं, धर नीट. गळाच आहे, काही दागिना नाही चोरत आहेस.” एवढ्या मोठ्या माणसाच्या गळ्याला मी हात लावला होता. घरी जाऊन मी आईला आणि आत्याला तेच करून दाखवलं. आत्या म्हणाली, “चला, एवढं शिकवलं पोरीला, शेवटी गळा धरायला शिकली.”

आपल्या वॉर्डात कॉटच्या डोक्याशी लाल पाटी लागते, ‘तोंडाने काही नाही’. ती पाटी लागली की पाण्याचा घोटसुद्धा नाही. हा नियम मोठ्या सिस्टरांचा. इतर वॉर्डात असल्या पाट्या भिंतीवरच्या चित्रासारख्या असतात. आपल्याकडे ती पाटी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एक ड्रायव्हर काका होते, ट्रक चालवायचे. दिसतात का कुठे? ते बघा, मिशीवाले. त्यांनी सिस्टरांना हात जोडले, “सिस्टर, एकच घोट. घशात अडकला तर मी लगेच ब्रेक मारतो.” सिस्टर म्हणाल्या, “काका, ब्रेक फेल आहेत म्हणून तर गाडी आमच्या गॅरेजला लागली आहे.” त्याच दुपारी काकांनी फुलदाणीतलं पाणी प्यायचा बेत केला होता आणि सिस्टरांनी तो मिशीवरच्या पाकळीवरून पकडला. हसा, काका, हसा. तुम्ही आज हसता आहात ते त्या पाकळीमुळे.

तोंड पुसणं हे काम मावशींवर सोडून त्या कधी मोकळ्या झाल्या नाहीत. टॉर्च घेऊन स्वतः एकेकाचं तोंड बघायच्या, कवळी काढून घासायच्या. म्हणायच्या, “जंतू काही गावाहून येत नाहीत गं. तोंडातलेच भाडेकरू असतात. दुर्लक्ष केलं की खालच्या मजल्यावर उतरतात.” आणि आणखी एक सांगायच्या, ते मी वहीत नाही, मनात लिहून ठेवलं आहे. “म्हाताऱ्या माणसाला इन्फेक्शन झालं म्हणून ताप येईलच असं नाही. खोकला येईलच असं नाही. तो नुसता गप्प होतो. ओरडणाऱ्याकडे बघायला सगळे धावतात. गप्प झालेल्या माणसाकडे तू आधी बघत जा.”

असं शिकवणारं माणूस मिळायला नशीब लागतं. मला ते मिळालं. हे मी मनापासून म्हणते आणि पुढे जे बोलणार आहे त्यानं ते खोटं होत नाही.

याच्याबरोबर एक वाक्यही मी इथे शिकले. ते कुणी मुद्दाम शिकवत नाही, भिंतींच्या रंगासारखं ते इथे असतंच. पाटी लावूनही एखाद्या पेशंटच्या छातीत इन्फेक्शन झालं, की राऊंडला विचारणा होते, ‘कसं झालं?’ आणि कुणीतरी म्हणतं, ‘नातेवाईकांनी पाजलं असेल.’ डॉक्टर मान हलवतात. सगळे पुढच्या कॉटकडे जातात. मी स्वतः ते ऐकलं आहे, मान हलवली आहे. कारण पुष्कळदा ते खरं असतं. प्रेमानं पाजतात माणसं. पण पुष्कळदा ते खरं नसतं, आणि हे आपल्याला माहीत असतं. पेशंट काहीही न पिता स्वतःची लाळ चुकीच्या वाटेनं गिळतो, झोपेत गिळतो, आणि त्यानंही न्यूमोनिया होतो. मग ते वाक्य का म्हणतो आपण? कारण नातेवाईक राऊंडला हजर नसतात.

मागच्या वर्षी माझ्या आत्याला झटका आला.

आत्या आणि माझे वडील, दोघं मिळून इस्त्रीचं दुकान चालवतात. म्हणजे चालवत होते. जुन्या पद्धतीची माणसं. आत्या तोंडात पाणी घ्यायची आणि ओठ मिटून कपड्यावर असा फवारा मारायची की जणू धुकं उतरलं. एक थेंब मोठा नाही, एक लहान नाही. त्या फवाऱ्यावर मी शाळा शिकले, कॉलेज शिकले. मी लग्न न करता शिकत राहिले याचं तिला फार कौतुक, आणि माझ्या आईला फार काळजी. नणंद-भावजयीचं एका घरात जसं असतं तसं त्यांचं होतं. आत्या म्हणायची, “हिच्या चहात पाणी जास्त, साखर कमी, आणि जीव तर नाहीच.” आई म्हणायची, “मग स्वतः करून घ्या ना, वन्सं. पातेलं काही मी कुलपात ठेवलेलं नाही.” आणि दोघी तोच चहा पीत बसायच्या.

आत्याला आपल्याच वॉर्डात आणलं. घरच्या माणसाची तपासणी घरच्यानं करायची नाही हा नियम आहे, म्हणून माझ्या सहकारी मैत्रिणीनं केली. मी बाजूला उभी होते. चमचाभर पाणी तोंडात गेलं आणि आत्यानं सवयीनं ओठ मिटायला घेतले, फवारा मारायला. उजवीकडचा ओठ मिटलाच नाही. पाणी हनुवटीवरून बाहेर ओघळलं. तिला बोलता येत नव्हतं, पण आपलीच फजिती तिच्या लक्षात आली आणि ती अर्ध्या तोंडानं हसली. मी बाहेर गेले.

लाल पाटी लागली. नाकातून नळी घातली. आई दिवसभर कॉटशेजारी बसायची. मी तिला बजावलं होतं, “आई, थेंबसुद्धा नाही.” ती म्हणाली, “मला वाचता येत नाही, पण लाल रंग कळतो. लाल म्हणजे थांबायचं. सारखं सारखं सांगू नकोस.”

काही दिवसांनी आत्या गप्प झाली. ताप नाही, खोकला नाही. नुसती गप्प. हात पुढे करायची ती करेना, मान वळवेना. मला शिकवलेलं होतं, म्हणून मी लगेच सांगितलं, छातीचा फोटो काढला. दोन्ही बाजूंना न्यूमोनिया. ऑक्सिजन लागला. घरची सगळी माणसं जमली. एका सकाळी राऊंडला विभागप्रमुख साहेबांनी विचारलं, “पाटी होती ना? मग?” साहेब, तुम्हाला आठवणार नाही, आठवावं अशी अपेक्षाही नाही. तुम्ही अशा किती कॉटसमोर उभे राहता.

आणि मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “नातेवाईकांनी पाजलं असेल.”

त्या वेळी नातेवाईक राऊंडला हजर होते. माझे वडील दारात उभे होते, माझी काकू होती. सगळ्यांनी आईकडे बघितलं, कारण दिवसभर तीच बसायची. वडील ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, “घरात एवढी शिकलेली पोर असून तुला हे कळलं नाही?” आई म्हणाली, “मी काही दिलं नाही.” काकू म्हणाली, “प्रेमापोटी दिलं असेल, वहिनी, कबूल करून टाका, कुणी फाशी देत नाही.” बाहेर गेल्यावर हीच काकू दुसरं म्हणाली. म्हणाली, प्रेमापोटीच कशावरून? दोघींचं पटत कुठे होतं?

मीही आईला विचारलं. एकदाच. पण विचारलं.

त्या दुपारी मोठ्या सिस्टर आईजवळ आल्या. आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “मनाला लावून घेऊ नका हो. अडाणीपणानं होतं असं. आम्ही काही तुम्हाला दोष देत नाही.” आईनं त्यांचे दोन्ही हात धरले आणि आभार मानले. मी ते डोळ्यांनी बघितलं. माझ्या आईनं त्यांचे आभार मानले.

आत्या वाचली. हा याच वॉर्डाचा पराक्रम आहे आणि त्याबद्दल मी हयातभर ऋणी आहे. पण घरी आल्यावर आत्याच्या खाण्यापिण्याचं सगळं वडिलांनी स्वतःकडे घेतलं. एक शब्द न बोलता घेतलं. दुकान सोडून दुपारी घरी यायचे, पावडर घालून पाणी घट्ट करायचे, तिला पाजायचे आणि परत जायचे. आई स्वयंपाक करायची, ताट वाढायची, आत्याच्या पुढ्यात पेला ठेवायची आणि दोन्ही हात मागे बांधून उभी राहायची. अजूनही राहते. घरी पाहुणे आले तरी पाण्याचा तांब्या ती मला उचलायला लावते. माझी आई म्हणजे दारात आलेल्या पोस्टमनला पाणी विचारणारी बाई हो. ती आता कुणाला आपल्या हातानं पाणी देत नाही.

आत्याची वाचा परत आणायचं काम मात्र मी घरी करत होते. पहिला शब्द आला तो ‘मेला’. शिव्या मेंदूच्या वेगळ्या कोपऱ्यात असतात, त्या लवकर सापडतात. वडिलांना इतका आनंद झाला की त्यांनी तो दुकानात सगळ्यांना सांगितला. मग ‘हो’, ‘नको’, ‘पंखा’. पुष्कळ महिने गेले. आणि गेल्या महिन्यात एका दुपारी आम्ही तिघीच घरी होतो. घट्ट केलेला चहा मी तिला चमच्यानं दिला. तिनं तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, “असा नाही. सिस्टरचा.”

मी विचारलं, “कुठल्या सिस्टरचा, आत्या?”

“मोठ्या. तिथं. कपात. गरम.” मग हसली, आता तिचं हसू पाऊण तोंडाचं झालं आहे. “लई गोड बाई. मी रडले. तिनं दिला.”

आई दारात उभी होती. तिनं ऐकलं. मला वाटलं, आता रडेल, बोलेल, भिंतीवर डोकं आपटेल. ती म्हणाली, “तू त्यांच्या हाताखाली काम करतेस. वाढवू नकोस.” आणि आत निघून गेली.

मी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, “तिच्या मेंदूला मार बसलाय. काल मला तिनं पंखा म्हटलं. तिच्या बोलण्यावर काय धरून बसतेस?” त्यांचं चूक नाही. ज्या बाईला पाण्याला पाणी म्हणता येत नाही तिची साक्ष कोण मानेल? म्हणजे माझ्या आईला सोडवू शकेल असं जगात एकच माणूस उरलं.

मी मोठ्या सिस्टरांकडे गेले. कपडे बदलायच्या खोलीत त्या आपलं कपाट रिकामं करत होत्या. मी सरळ विचारलं. त्यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, “हो. दिला. अर्धा कप.”

“का दिलात?”

“तुझी आई खाली कपडे धुवायला गेली होती. मी माझा चहा हातात घेऊन पाटी बघत उभी होते, तर तुझी आत्या कपाकडे बघून रडायला लागली. आवाज न करता. आयुष्यभर नाही नाही म्हणत आले गं मी. माणसं मरताना पाणी मागत असतानासुद्धा नाही म्हटलं. त्या दिवशी नाही जमलं. चमच्या-चमच्यानं दिला. एकदाही ठसकली नाही. मला वाटलं, गिळतेय.”

“ठसकली नाही,” मी म्हटलं. ठसका न येणं म्हणजे काय, हे त्यांनीच मला शिकवलेलं होतं.

“आणि माझ्या आईचं नाव?”

“नाव मी घेतलं नाही. राऊंडला सगळे माझ्याकडे बघत होते. तोंडातून निघून गेलं. रोजचंच वाक्य ते.”

“आणि दुपारी? तिच्या खांद्यावर हात ठेवलात तेव्हा?”

त्या कपाट पुसायला लागल्या. मग म्हणाल्या, “रविवारी येते तुमच्याकडे. तुझ्या वडिलांना मी स्वतः सांगते. माझा शब्द.”

त्या रविवारी आईनं सकाळीच फरशी पुसली. पाहुण्यांचे कप काढले. वडिलांना दुकान बंद ठेवायला लावलं, का ते सांगितलं नाही, नुसतं म्हणाली, “मोठ्या सिस्टर यायच्या आहेत.” आत्याला नवं पातळ नेसवलं. आम्ही चौघं बसून राहिलो. संध्याकाळी आईनं कप पुन्हा कपाटात ठेवले. त्यानंतरच्या सोमवारी मोठ्या सिस्टरांनी एका मावशीबरोबर मला निरोप पाठवला, ‘माझ्या कार्यक्रमात तू बोल, तू छान बोलतेस. दोन चांगले शब्द बोल.’

आमच्याकडे म्हणतात, केसानं गळा कापला. गळ्याचं काम करणारी मी, मला ही म्हण इतकी नेमकी कधी कळली नव्हती.

अध्यक्ष महाराज, तुम्ही चुळबुळ करता आहात, मला दिसतं आहे. दोन मिनिटं द्या. ही तक्रार नाही. चौकशी बसवू नका, कागद फिरवू नका, मला ते नको आहे आणि माझ्या आईला तर मुळीच नको आहे. मी हे पाठीमागे बोलत नाही हेही सगळ्यांना कळू द्या. आज सकाळी मी मोठ्या सिस्टरांना गाठून सांगितलं की मी आज हे सगळं बोलणार आहे. त्या एवढंच म्हणाल्या, “माइक फार जवळ धरू नकोस, आवाज फाटतो.”

आणि मला न्यायानं बोललं पाहिजे. त्या अर्ध्या कपानंच न्यूमोनिया झाला, असं मी म्हणत नाही. म्हणता येणारच नाही. आत्या सत्तरीची, दोन दात किडलेले, पाठीवर पडून, नाकात नळी. तिच्या स्वतःच्या लाळेनंही झाला असेल. साहेब इथे आहेत, तेही हेच सांगतील. म्हणजे बघा, माझ्या आईनं काही पाजलं नव्हतं, आणि कुणी पाजल्यामुळेच झालं हेही कुणाला ठाऊक नव्हतं. तरी शिक्षा ठरली आणि भोगूनही होत आली.

सिस्टर, मी आता तुमच्याशीच बोलते. चहाचं मी समजू शकते. खरं सांगते, रागावून मी एकटी बसले तेव्हाही मला चहाचा राग आला नाही. रडणाऱ्या माझ्या आत्याला कुणीतरी अर्धा कप चहा दिला, आणि तो तिच्या आयुष्यातला सगळ्यात गोड चहा ठरला. ती आज तुमच्यासाठी हट्टानं आली आहे. तिच्या मनात तुमच्याबद्दल दुसरं काही नाही. मला समजत नाही ते पुढचं. तुम्ही गप्प बसलात. गप्प बसलात आणि माझ्या आईला माफ केलंत. तुम्हीच शिकवलंत, गप्प झालेल्या माणसाकडे आधी बघायचं. माझी आई वर्षभर गप्प आहे, सिस्टर. या वर्षात तुम्ही दोन वेळा आमच्या बोळाच्या तोंडावरून गेलात, आत आला नाहीत.

मी तुम्हाला काही बोलायला लावणार नाही. निरोपाच्या दिवशी कुणाकडून काही वदवून घेऊ नये एवढं मला कळतं. कार्यक्रमानंतर चहा आहे. बाहेरच्या टेबलावर एक झाकलेला कप वेगळा ठेवला आहे, मीच पावडर घालून घट्ट केला आहे, तो आत्याचा. माझी मैत्रीण तिचं गिळणं मागच्या आठवड्यात पुन्हा तपासून गेली आहे, पाठ सरळ ठेवून, लहान चमच्यानं, चालेल म्हणाली. तर तो कप तुम्ही उचला आणि माझ्या आईच्या हातात द्या. इतकंच. काही म्हणू नका. माझे वडील बघत असतील. मोठ्या सिस्टर ज्या हातात कप देतात तो हात कसा असतो, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आई, तू मान खाली घालू नकोस. आणि हात मागचे पुढे घे.

मला बोलायला बोलावलं त्याबद्दल संयोजकांची मी आभारी आहे. ड्रायव्हर काका, तुम्ही मघाशी हसलात म्हणून मला धीर आला, तुमचेही आभार. सिस्टर, माझ्या बोटांना गळा ओळखायला तुम्ही शिकवलंत, ते माझ्या बोटांतून कधी जाणार नाही. तुम्हाला निरोगी, लांब आयुष्य मिळो, हे मी तोंडदेखलं म्हणत नाही.

शेवटी, बोलण्यात काही चुकलं असेल तर क्षमा करा, असं म्हणून बसायची रीत आहे. पण आमच्या घरानं एकदा न केलेल्या चुकीची क्षमा घेतली आहे आणि वर आभारही मानले आहेत. तेव्हा मी जरा मोजून मागते. जे खरंच चुकलं असेल तेवढ्याचीच क्षमा करा, बाकीचं माझ्या नावावर राहू द्या.

चहा निवतो आहे. मी थांबते.